फडके काकांच्या दोरीवरची कथा

फडके काकांच्या बाल्कनीतल्या दोरीवर कपडे नसतात, प्रसंग असतात. एका प्रसंगाचे कागद एका चिमट्यात. ओले शर्ट बिचारे खुर्च्यांच्या पाठीवर वाळतात.

दिल्लीत मुनिरका भागात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आपण कथा लिहितो हे सांगायलाही मला संकोच वाटायचा. काका सरकारी नोकरीतून निवृत्त, काकू गेल्यापासून घरात एकटेच. जिन्यात मला फोनवर मराठी बोलताना ऐकून त्यांनी थांबवलं आणि चौकशी करता करता माझी कथा मागून घेतली. ती परत आली तेव्हा तिच्यावर जागोजागी लिहिलं होतं, 'चहा काप.'

"अगं, तुझी माणसं किती चहा पितात यार," ते म्हणाले. "पात्राने कप उचलला की कथा खाली बसते. मग तिला उठवायचं कोणी? बिल्कुल काप."

"पण पाहुण्यांना चहा द्यावा लागतो ना, काका?"

"घरी दे. कथेत नको."

स्वतःची रहस्यकथा ते दोरीसमोर येरझाऱ्या घालत वाचत. जिथे पाय रेंगाळले तिथला कागद खाली. एकदा आंधी आली आणि अख्खी कथा गल्लीत उडाली. संध्याकाळी छोलेवाला दारात उभा.

"अंकल, आपका खून हमारे छोले में गिरा था."

काकांनी तो तेलकट कागद गंभीरपणे घेतला. "अच्छा, पढ़ा? तेज़ है ना?"

"तेज़ तो है. पर मारा क्यों?"

काका बरेच दिवस अस्वस्थ होते.

यंदा एका दिवाळी अंकाने ती कथा स्वीकारली. काकांचं काही छापून येण्याची ही पहिलीच वेळ. अट एवढीच की कथा निम्मी करून द्यायची. मग आम्ही दोघं कापायला बसलो. कोर्ट गेलं, पाठलाग गेला, शेवटी खूनही गेला.

"खुनाशिवाय रहस्यकथा, काका?"

"संशय पुरे."

तरी कथा मावेना. मधल्या चिमट्यात एक जाड गठ्ठा होता. इन्स्पेक्टरची बायको चहा करते. आलं किसते, दुधावर लक्ष ठेवते, गाळणं आपटते, नवऱ्याला हाक मारते. पानंच्या पानं, दुसरं काही घडतच नाही.

"काका," मी चाचरत म्हटलं, "हा चहा काढला तर मावेल."

"माहीत आहे. पुढचा कागद वाच."

पुढच्या कागदावर एकच ओळ होती. इन्स्पेक्टर घरी येतो आणि स्वतःच कुलूप उघडतो.

काकांनी चिमटा जरा घट्ट बसवला.

"ती आहे तोवर घाई नको गं," ते म्हणाले. "अंकवाल्यांना कळवून टाकतो, नाही जमत म्हणून."

मी उठले.

"बस," म्हणत काका आत गेले. त्यांनी आधण ठेवलं आणि गॅस अगदी बारीक केला.