समुद्र सतत डाव्या हाताला

नियोजनात माझा हात कोणी धरू शकणार नाही, हे आधीच सांगून टाकते. दान्बी पोटात होती तेव्हा मी दवाखान्याला जायच्या तीन वेगवेगळ्या रस्त्यांची रंगीत तालीम केली होती. दान्बी झाली ती चौथ्याच रस्त्यावर, टॅक्सीत. पण तो दोष नियोजनाचा नव्हे, दान्बीचा!

तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यात कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायची आणि पूर्व किनाऱ्याने चार दिवस भटकायचं असं ठरल्यावर मी कामाला लागले. सोक्चोहून सुरुवात. सात नंबरच्या रस्त्याने खाली योंगदोकपर्यंत. समुद्र सतत डाव्या हाताला. कुठे थांबायचं, कुठे पाणी भरायचं, कुठलं सार्वजनिक स्वच्छतागृह स्वच्छ आहे आणि कुठलं नुसतंच सार्वजनिक, सगळं फोनमधल्या नकाशावर टिपलेलं. व्हॅनमधल्या बिछान्याची लांबी, फ्रिजची खोली, दान्बीच्या खुर्चीची रुंदी, काही म्हणजे काही मोजायचं सोडलं नाही.

या नकाशात अडचण एकच होती. तिचं नाव साम्चोक. साम्चोक ऐन त्या रस्त्यावर आहे, आणि साम्चोकला माझ्या सासूबाई राहतात.

लग्न झाल्यापासून दर ऑगस्टला आम्ही समुद्रावर जातो, म्हणजे सासूबाईंकडे जातो. त्यांच्या घरातून समुद्र दिसतो म्हणे! मला अजून दिसलेला नाही, कारण मोरीला खिडकी नाही. सकाळी मासे साफ करायचे, दुपारी भांडी, संध्याकाळी "पोर वाळली गं!" हे ऐकून घ्यायचं. दान्बी वाळलेली नाही. ज्याला शंका असेल त्याने तिला कडेवर घेऊन आमचा जिना चढून दाखवावा!

म्हणून यंदा फक्त आम्ही तिघं. चार दिवस. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. साम्चोक जवळ आलं की रस्ता सोडून डोंगरात शिरायचं आणि धोका टळला की पुन्हा किनाऱ्यावर उतरायचं, असा वळसा मी आखला. मग सासूबाईंना फोन केला. "आई, यंदा ह्यांना सुट्टीच मिळाली नाही हो."

पलीकडे शांतता. मग त्या कशाबशा म्हणाल्या, "बरं बरं. काम महत्त्वाचं."

आवाज घशात अडकल्यासारखा झाला होता. मला वाईट वाटलं. चांगलं मिनिटभर वाटलं!

"आईशी खोटं बोललीस?" तेउक, म्हणजे माझा नवरा, म्हणाला.

"खोटं नाही. नियोजन."

दान्बीलाही पढवून ठेवलं. आजीचा फोन आला की व्हॅन हा शब्द काढायचा नाही. बाबांना सुट्टी आहे हे बोलायचं नाही. आजीला सांगायचं नाही. पोर चार वर्षांची, पण पाठांतर पक्कं. कोणावर गेलीय ते सांगायला नकोच.

निघायच्या आदल्या दुपारी तेउक व्हॅन घेऊन आला. पांढरीशुभ्र, लांबलचक, छपरावर आणखी एक छप्पर. मी वरून बघत होते. व्हॅन तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी गेली आणि थांबली. थोडी मागे आली. पुन्हा पुढे गेली. पुन्हा थांबली, घोड्याने पाणी प्यायला नकार द्यावा तशी.

फोन वाजला. "अगं, इथे लिहिलंय, उंची दोन मीटर तीस."

"मग?"

"व्हॅन पावणेतीन आहे."

मी मोजमापांची यादी चाळली. उंची सोडून सगळं होतं.

"तू चमचेसुद्धा मोजले होतेस," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

आमच्या संकुलात गाड्या जमिनीवर दिसत नाहीत. वर नुसती झाडं, कारंजी आणि शिस्त! वर एकच मोकळी जागा, अग्निशामक बंबासाठी पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. "दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं. "लावा तिथे. सामान चढवू आणि बाहेर काढू."

सामान चढवता चढवता दान्बीला आत बसवलं. गरमी मरणाची, म्हणून किल्ली आतच ठेवून एसी चालू ठेवला. माझा फोनही आतच. मी आणि तेउक तांदळाची पिशवी आणायला चार पावलं गेलो असू. मागे खट्ट!

"दान्बी! दार उघड!"

दान्बीने काचेला नाक लावलं. "नाही. हे माझं घर आहे."

"बाळा, लाल बटण दाब."

"मला माहितीये कुठलं बटण. मी दाबणार नाही."

एसी बंद पडला तर? तिने गिअर ओढला तर? मी काचेवर थापा मारत होते, तेउक दुसऱ्या काचेवर ससा करून दाखवत होता. इतक्यात प्रत्येक इमारतीतून, प्रत्येक घरातल्या छतावरच्या त्या स्पीकरमधून, जो बंद करायची सोय बांधणाऱ्याने मुद्दामच ठेवलेली नाही, व्यवस्थापन कार्यालयाचा आवाज घुमला. "रहिवाशांना विनंती. इमारत एकशे सातसमोर बंबाच्या जागेत उभं केलेलं वाहन ताबडतोब हलवावं. पुन्हा सांगतो. पांढरं, फार मोठं वाहन."

ज्यांनी बघितलं नव्हतं, त्यांनीही आता खिडकीतून बघितलं!

सर्वांत आधी खाली आल्या ग्वाक काकू, महिला मंडळाच्या अध्यक्ष. संकुलात कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्यांना वासावरून कळतं, आणि कोणाच्या घरी काय बिनसलंय हे वास सुटायच्या आधी. त्यांच्यामागे मंडळाच्या आणखी चौघी.

"सरका तुम्ही. पोरांशी कसं बोलायचं ते माझ्याकडून शिका," म्हणत काकू खिडकीपाशी गेल्या. "दान्बीराणी, आत काय चाललंय?"

"आम्ही आता इथेच राहणार. इथेच जेवणार, इथेच झोपणार, इथेच शी करणार."

"आणि वरचं घर?"

"त्याला बाय केलं."

"आणि बाबा ऑफिसला नाही का जायचे?"

"बाबा आता ऑफिसला जाणार नाहीत." मग तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पढवल्याप्रमाणे, स्पष्ट उच्चारात, म्हणाली, "आजीला सांगायचं नाही!"

पाचही जणींनी एकमेकींकडे बघितलं.

ग्वाक काकूंनी हळूच माझा हात हातात घेतला. "कधी गेली गं नोकरी?"

आता सांगा, मी काय बोलायचं होतं? खरं सांगावं, तर सून सासूला चुकवून मजा मारायला निघालीय. न सांगावं, तर नवरा बेकार. समोर उभ्या पाच बायका, आणि पाचही सासवा!

मी मान खाली घातली.

"अहो काकू, पण मी तर..." तेउकने तोंड उघडलं.

"तुम्ही नका बोलू हो, तुम्हाला भरून येईल!" म्हणत मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सँडलची टाच तशी टोकदार आहे.

"पुरुषमाणूस रडतंय," मागची एक सासू हळहळली. "बघवत नाही."

काकूंनी कलिंगडाचं आइस्क्रीम मागवलं, दान्बीने निमूटपणे लाल बटण दाबलं, आणि तेउकने व्हॅन फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन लावली. संपलं, असं मला वाटलं. उद्या पहाटे निघायचं, चार दिवसांनी परत यायचं, आणि नवी नोकरी लागली म्हणून सांगून टाकायचं. कंपनी तीच, हे सांगायची काय गरज?

पण स्पीकर पुन्हा खरखरला. या वेळी खुद्द ग्वाक काकू! "आपल्या संकुलातल्या एका कुटुंबावर प्रसंग आलाय. त्यांचा मान राखून नाव सांगत नाही. इमारत एकशे सात, बारावा मजला, उजवीकडचं दार. बिऱ्हाड फाटकाबाहेर गाडीत आहे. जमेल ते तोंडीलावणं, जमल्यास पांघरुणं घेऊन यावं."

आणि लोक आले हो! मुळ्याचं किमची, काकडीचं किमची, गोड सोयाबीन, परतलेली सुकी मासळी, एक अख्खं कलिंगड. ऐन ऑगस्टमध्ये रजया! मी ज्याची खोली सेंटिमीटरमध्ये मोजली होती त्या फ्रिजचं दार आता लागेना. लोक आत डोकावून बिछाना बघायचे आणि "तिघांना पुरतो का गं?" असं विचारून डोळे पुसायचे. एक गृहस्थ तेउकला म्हणाले, "धीर सोडू नकोस. मीही पडलो होतो यातून बाहेर." तेउकने त्यांना वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार बिचारा! बेकारी त्याला एका दुपारीतच अंगवळणी पडली होती.

"आणि हो," काकू जाता जाता म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना मी कळवलंय."

"काय?"

"त्या तुमच्याकडे खायच्या समुद्री शेवाळाचं पार्सल पाठवतात ना, त्यातला माझा वाटा मला वेगळा बांधून पाठवतात. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे. संकोच करू नकोस. असं दुःख आपल्या माणसापासून लपवायचं नसतं."

मी व्हॅनमध्ये धावले. रजयांच्या ढिगाखालून माझा फोन काढला. सासूबाईंचे चौदा फोन येऊन गेले होते. त्यानंतर एक निरोप, "बसमध्ये बसले."

संध्याकाळी टॅक्सी थांबली आणि सासूबाई उतरल्या. उन्हाची टोपी, हातात गाठोडं, डोळे सुजलेले. आधी दान्बीला उचललं. "वाळली गं पोर!" मग व्हॅनकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "सुट्टी नाही म्हणालीस! अगं, ही तर कायमची सुट्टी!"

"आई, ऐका ना..."

"काही बोलू नकोस. मी येताना सगळं ठरवलंय. वरचं घर सोडा. सामान बांधा. साम्चोकला चला. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. तेउकला बर्फाच्या कारखान्यात लावते, मालक ओळखीचा आहे. तू माझ्या हाताखाली. पोर अंगणात वाढेल. कायमचं!"

कायमचं! मी दरवर्षीची चार दिवसांची शिक्षा माफ करून घ्यायला गेले होते, ती जन्मठेप होऊन आली! तेउककडे पाहिलं. तो दुसऱ्याच कुठल्यातरी झाडाकडे बघत होता. सभोवती ग्वाक काकू आणि मंडळ, डबे हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून उभं.

"नोकरी आहे!" मी ओरडले.

"काय?"

"नोकरी आहे, घर आहे, सुट्टीसुद्धा आहे! ही व्हॅन फिरायला घेतलीय. आम्ही तिघंच समुद्रावर जाणार होतो. तुम्हाला... न सांगता."

ग्वाक काकू पुढे आल्या, त्यांनी फ्रिज उघडला, आपला मुळ्याच्या किमचीचा डबा शोधून काढला, आणि तो घेऊन निघून गेल्या. मग बाकीच्याही एकेक करून आपापला डबा घेऊन गेल्या. रजया तेवढ्या राहिल्या.

सासूबाई व्हॅनच्या पायरीवर बसल्या. "रस्ता दाखव बघू, कसा जाणार होतात."

मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावून, बोटाने मोठा करून, नकाशा बराच वेळ बघितला.

"हा इथवर समुद्राकाठाने येतो. मग साम्चोकपाशी एकदम डोंगरात का शिरतो?"

मी तेउककडे पाहिलं, तेउकने माझ्याकडे.

"तिथे आजी राहते ना, म्हणून," दान्बीने खुलासा केला.

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ऐकू आलं ते वेगळंच. सासूबाई हसत होत्या! पोट धरून!

"मूर्ख पोरी! तू सुट्टी नाही म्हणून फोन केलास ना, तेव्हा तोंडातून आनंदाची आरोळी निघू नये म्हणून मी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला होता! दर ऑगस्टला तुम्ही येता. पहाटे बंदरावर जाऊन मासे कोण आणतं? मी! तुम्ही उठता दहाला. तू ते मासे असे साफ करतेस की तू गेल्यावर मला पुन्हा करावे लागतात. यंदा म्हटलं, सुटले! दोघी मैत्रिणींबरोबर जेजू बेटाची तिकिटं काढली होती. उद्याची! ती बसमध्ये बसून रद्द केली, रडत रडत. मुलगा रस्त्यावर आला म्हणून!"

एवढं बोलून त्या हसायच्या थांबल्या. व्हॅनला एक चक्कर मारली. टायरवर लाथ मारून बघितली.

"यात झोपतात किती?"

"चौघं," तेउक म्हणाला. आयुष्यभर खरं बोलायची सवय!

"उत्तम. आम्ही तिघी, आणि चालवायला तू."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुला सासूशिवाय समुद्र हवाय ना? माझं घर मोकळं आहे. दान्बीला घे आणि सकाळच्या बसने जा. हवं तेव्हा ऊठ, हवं ते खा, कोणी बोलणार नाही. गच्चीवर माकुळांची मासळी वाळत घातलीय, तेवढी सकाळ-संध्याकाळ उलट. आणि पावसाचा थेंब लागू देऊ नकोस. आठ घरांच्या ऑर्डरी आहेत."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. समुद्र होता, सासू नव्हती. बोलायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी!

तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. काळा चष्मा, हातात गार कॉफी, मागे मी निवडलेला कडा आणि मी निवडलेला समुद्र. शेजारी दोन म्हाताऱ्या मला हात करत होत्या.

"सूनबाई, काय आखलंयस गं! जिथे थांबावं तिथे सावली, जिथे थांबावं तिथे स्वच्छ संडास! आमचं ठरलंय, पुढच्या वर्षी दक्षिण किनारा. आतापासून आखायला घे." मग त्यांनी एक घोट घेतला आणि समाधानाने उसासा टाकला. "एक सांगू? घरचं माणूस बरोबर नसलं ना, की सुट्टी कशी सुट्टीसारखी वाटते!"

त्यांच्या मागे माझा नवरा, म्हणजे त्यांच्याच घरचं माणूस, मान खाली घालून तिघींसाठी लसूण सोलत बसला होता.

मला एक चांगलं झणझणीत उत्तर सुचलंही होतं. अगदी ओठांवर आलं होतं! पण तेवढ्यात माझ्या डोक्यावर ढग गडगडले, आणि गच्चीवर आठ घरांची माकुळं उघडी पडली होती.