बाभळीत अडकलेला नवरदेव

नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली सुरी द्यावी, हा रिवाज जळबामामांना मान्य होता. सुरीचा आकार मात्र मान्य नव्हता. "वांगं चिरायची सुरी माझ्या भाच्याच्या हातात शोभंल व्हय?" असे म्हणून त्यांनी कळमनुरीच्या बाजारातून लाकूड तोडण्याची हातभर पात्याची कत्ती आणली. तिच्या टोकावरचे लिंबू हत्तीच्या सोंडेवर बसलेल्या माशीसारखे दिसत होते.

"अक्षता पडेपर्यंत ही हातातून सुटायची न्हाई," मामांनी सर्वांसमक्ष बजावले. "सुटली तर अपशकुन."

भाचा रामकिशन वसमतला कापडाच्या दुकानात नोकर होता. साडीच्या गठ्ठ्याहून जड वस्तू त्याने जन्मात उचलली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी कत्ती सावरली आणि मान डोलावली.

या थाटामागे एक गुपित होते. सोयरिकीच्या बैठकीत बोलण्याच्या भरात मामांनी मुलीच्या वडिलांना सांगून टाकले होते, की पोरगा म्हणजे शेतातला वाघ. दुकानात जातो तो केवळ विरंगुळा म्हणून. रामकिशनची आई मिराबाई ही मामांची सख्खी बहीण; पण तिलाही या वाघाचा पत्ता नव्हता. ही थाप लग्न लागेपर्यंत तगावी आणि भाच्याचे दोनाचे चार हात व्हावेत, एवढेच आता मामांचे मागणे उरले होते.

हट्टा गावाहून मुलीच्या गावी निघालेली वऱ्हाडाची जीप गोरेगावच्या अलीकडच्या वळणावर थांबली. आदल्या दिवशीच्या वावटळीने एक थोराड बाभूळ रस्त्यावर आडवी पाडली होती. दोन्ही अंगांना खोल चर आणि मध्ये काट्यांचे रान. त्यातून नव्या धोतरासह पलीकडे जाणे म्हणजे धोतर मागे ठेवून जाणे होते.

"कुऱ्हाड हाय का गाडीत?" मामांनी विचारले.

"मामू, जीप हाय ही, वखार न्हाई," चालक जहांगीर म्हणाला. "आन् नवरदेवाच्या हातात काय हाय मग?"

सगळे वऱ्हाड कत्तीकडे पाहू लागले. मामांनी झटकन हात पुढे केला.

"आण इकडं. मी तोडतो," ते घाईने म्हणाले.

मिराबाई मध्ये उभी राहिली. "दादा, अक्षता पडेपर्यंत सुटायची न्हाई म्हणलास ना? माझ्या लेकराला अपशकुन करून राहिलास काय?"

"तसं न्हाई गं."

"मग कसं? तोडायची तर त्यानंच तोडावी."

स्वतःच घालून दिलेल्या शास्त्राला आता कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? मामांनी तोडगा काढला. त्यांनी नवरदेवाच्या मुठीवर आपली मूठ आवळली आणि पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेणाऱ्या गुरुजीप्रमाणे ते भाच्याकडून बाभूळ तोडून घेऊ लागले. पहिल्याच घावाला लिंबू चरात गेले, दुसऱ्याला मुंडावळ्या कानावर आल्या. फांदी मात्र परक्याचे गाऱ्हाणे ऐकावे तसे सगळे घाव अलिप्तपणे ऐकून घेत होती.

इतक्यात पलीकडून फटफटीचा आवाज आला. वऱ्हाड का रखडले, हे पाहायला मुलीचे वडील मुंजाजीराव स्वतः आले होते. मामांनी चटका बसावा तशी आपली मूठ काढून घेतली.

"बघा पाव्हणं," ते काट्यांवरून ओरडले, "जावई कसा घाव घालतो ते."

रामकिशनने डोळे मिटले आणि उरलेसुरले बळ एकवटून घाव घातला. कत्ती फांदीला टाळून थेट बुंध्यात रुतली, ती रुतलीच. त्याने ओढली, हिसडली, बुंध्याला पाय लावून पाहिला. ती निघेना, आणि सोडायची तर सोय नव्हती. नवरदेव हळदीच्या अंगाने बाभळीला जखडला गेला.

"काहून थांबले?" मुंजाजीरावांनी विचारले.

"दम घेऊन राहिला," मामा म्हणाले.

"न्हाई जी," रामकिशन घाम निथळत म्हणाला. "मला हे येतच न्हाई. मी दुकानात कापड फाडतो."

मामांना वाटले, बाजूच्या चरात आपणही पडावे आणि लिंबाशेजारी निजावे. मोडली सोयरीक. मिराबाईने त्यांच्याकडे असे पाहिले, की काटे बरे.

मुंजाजीराव काट्यांच्या अगदी जवळ आले.

"शेतात जात न्हाईत तुमी?"

"न्हाई जी."

"कधीच?"

"आईची आण."

"अहो, मग हे आधी सांगायचं ना," मुंजाजीराव कपाळाला हात लावून म्हणाले. "पोरगी कालपासून जेवली न्हाई. म्हणते, इथंबी शेतात निंदण, तिथंबी शेतात निंदण, मग लग्न काहून करू? जळबाराव, तुमच्या वाघानं माझ्या घरात रडारड लावली की."

त्यांनी फटफटी वळवली.

"कुऱ्हाडी?" जहांगीरने हाक दिली.

"आणतो. आधी पोरीला सांगतो, मग कुऱ्हाडी."

फटफटी दिसेनाशी झाली. रामकिशन मूठ धरून तसाच ओणवा उभा होता, आणि चेहऱ्यावर उमटलेले हसू त्याला काही केल्या आवरत नव्हते. मामांनी उपरणे काढून भाच्याच्या डोक्यावर सावलीला धरले. मग मामा खाकरले.

"पण धरलेलं सोडत न्हाई पोरगं," ते जहांगीरला म्हणाले. "हे मी बैठकीतबी सांगितलं व्हतं."