वर्षभर न हललेला माल

"कंप्यूटर म्हणजे काय हो? एक गोदाम! आणि गोदाम मला कुणी शिकवू नये!"

असं म्हणून दाजींनी बाह्या सरसावल्या, तेव्हाच खरं तर त्यांना धरून ठेवायला हवं होतं. पण घरात त्यांना धरणारं माणूस एकच, आणि ते पाटी शोधत होतं.

दाजी जन्मभर कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले, पण स्टोअर काही अंगातून गेलं नाही. वर्षभर जो माल जागचा हलला नाही तो भंगारात, हा त्यांचा नियम. कारखान्यात या नियमापायी त्यांचा सत्कार झाला होता. घरात त्याच नियमापायी पाहुण्यांची गादी, दोन छत्र्या आणि ताईंचं शिवणयंत्र गेलं होतं.

ताई म्हणजे त्यांची बायको. दाजी आणि ताई ही मेहुण्याने मारायची हाक, पण सगळ्या बिल्डिंगने ती उचलली होती. दीड वर्षापूर्वी ताईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठीबरोबर आवाजही गेला. दोन जिने खाली दूधवाल्याला दटावणारा आवाज! आता त्या पाटीवर लिहून बोलायच्या. धार मात्र तशीच होती.

ऑपरेशनच्या आधी ताईंनी एक काम केलं होतं. लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी त्यांनी गोष्टी सांगून त्या कंप्यूटरवर भरून ठेवल्या होत्या. बाळ झालं, चालायला लागलं, आणि उद्या लेक त्या नातीला घेऊन पहिल्यांदाच घरी येणार होती. "गोष्टी पाठवून दे की," असं लेक कितीदा म्हणाली! पण ताईंनी पाटीवर ठणकावलं होतं : मांडीवर घेऊनच ऐकवणार.

अडचण एकच होती. कंप्यूटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात नात शाळेत जायला लागली असती. म्हणून दाजींनी झाडलोट काढली.

त्यांनी सगळ्या फाइली शेवटच्या वापराच्या तारखेनुसार लावल्या. बघतात तर काय, निम्मं गोदाम वर्षभरात कुणी उघडलेलंच नाही! नावं तरी काय एकेकाची! डोकं ना शेपूट! दाजींनी सगळा गठ्ठा उचलून कचऱ्यात टाकला. पाठोपाठ कचऱ्याचा डबाही रिकामा केला, कारण भरलेला डबा बघून त्यांना झोप लागत नसे. मग मोठ्या ऐटीत कंप्यूटर बंद करून पुन्हा चालू केला.

काळा पडदा. त्यावर दोन पांढऱ्या ओळी. सिस्टिमच्या फाइली सापडत नाहीत.

मागून खडूचा करकर आवाज आला. 'काय केलंत?'

"काही नाही गं! जरा साफसफाई."

'दुरुस्तीवाल्याला बोलवा.'

"दुरुस्तीवाला कशाला? इथला माल संपलाय, दुसऱ्या स्टोअरमधून आणायचा! तुझ्या भावाचा कंप्यूटर याच्याच जोडीचा आहे."

'त्याला विचारा आधी.'

हे वाचायला दाजी थांबलेच नाहीत. स्क्रू काढून त्यांनी आतली डिस्क उपसली, टॉवेलात गुंडाळली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून वरच्या मजल्यावर मेहुण्याच्या घरी गेले. मेहुणा आंघोळीला गेला होता. दाजींना ते सोयीचंच वाटलं. डिस्क त्याच्या कंप्यूटरला जोडून त्यांनी त्याच्याकडच्या सिस्टिमच्या फाइली इकडे वळवल्या.

आता दुसरा कोणी असता, तर त्याने नक्कल केली असती. पण माल एका वेळी एकाच गोदामात असतो, हे दाजींच्या हाडात मुरलेलं. एकच नग दोन ठिकाणी दाखवणं म्हणजे लबाडी! म्हणून त्यांनी मेहुण्याच्या फाइली तिथून उचलून इकडे आणल्या. कंप्यूटर बिचारा परत परत विचारत होता, नक्की? नक्की ना? दाजींनी दरवेळी ठासून हो म्हटलं.

मेहुणा डोकं पुसत बाहेर आला, तेव्हा त्याचाही पडदा काळा झालेला होता.

"दाजी! हे काय करून ठेवलंत?"

"ओरडू नकोस. माल उसना नेतोय. परत देईन!"

खाली येऊन डिस्क बसवली. कंप्यूटर ढिम्म! सकाळी एक मेला होता, दुपारी दोन झाले.

मग मात्र मेहुणाच दुरुस्तीवाल्याला घेऊन आला. दुरुस्तीवाल्याला सर्दी झाली होती आणि कुणाचंच काही ऐकून घ्यायची त्याची इच्छा नव्हती. त्याने डिस्क आपल्या मशीनला लावली, नाक ओढलं आणि विचारलं, "यातलं काय हवंय?"

"गोष्टी," दाजी म्हणाले. "गोष्टी नावाचा फोल्डर आहे."

"आहे. रिकामा."

"रिकामा कसा असेल? त्याला मी हातही लावला नाही! मी फक्त वर्षभरात कुणी न उघडलेलं..."



वर्षभरात तो फोल्डर दाजींनी एकदाही उघडला नव्हता. त्यांची छातीच झाली नव्हती. तो आवाज ऐकायचा आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पाटी वाचायची, हे त्यांच्याने होणारं नव्हतं.

"पुसलेलं परत येत असेल ना?" मेहुण्याने हळूच विचारलं.

"आलं असतं. पण त्याच जागेवर यांनी दुसरा माल रचलाय." दुरुस्तीवाला शिंकला. "एक फाइल तेवढी बाहेर राहिलीय. चाचणी नावाची. परवा दुपारीच कुणीतरी उघडलेली."

परवा दुपारी? दुपारी दाजी झोपतात. त्यांनी वळून ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं आणि खोलीत ताई बोलल्या.

"झालं का चालू? अहो, ते नाही, लाल! लाल कळतं का तुम्हाला? व्हा बघू मागे."

"अगं, अख्खं स्टोअर सांभाळलंय मी. एक बटण सांभाळता येणार नाही?"

"शिवणयंत्र कुठंय माझं? हात लावू नका म्हटलं ना!" आणि मग हसू. भांडं घरंगळत जावं तसं खळखळून, लांबत गेलेलं. खट्. संपलं.

"यात गोष्टबिष्ट काही नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "नुसतं भांडण आहे. ठेवू की काढू?"

त्या घरात आता दोघांचे आवाज गेले होते.

"ठेवा," शेवटी मेहुणाच म्हणाला.

दाजी कसेबसे पुटपुटले, "उद्या नातीला काय ऐकवायचं गं?"

ताईंनी डोळे पुसले, मग पाटी पुसली. बराच वेळ खडू करकरला. 'हेच. आजोबा कसे आहेत ते लहानपणीच कळलेलं बरं.'

दाजींनी नाक पुसलं. पुन्हा एकदा ऐकावं म्हणून त्यांनी बटणाकडे बोट नेलं, तोच पाटी मध्ये आली. नवीन काही लिहायची गरजच नव्हती. पाठीमागच्या बाजूला ते कधीचंच लिहून ठेवलेलं होतं.

'हात लावू नका.'