बाबाचा वेग

पिल्लूच्या वहीत सात रकाने होते: दूध, शू, शी, झोप, ताप, शिंका आणि सातवा, नुकताच आखलेला, 'बाबाचा वेग'.

हा सातवा रकाना बाबाने स्वतःहून ओढवून घेतला होता. काडेपेटीएवढी एक काळी डबी त्याने हौसेने आणली आणि गाडीच्या काचेला आतून चिकटवली. "ही थेट उपग्रहांवरून वेग मोजते," तो म्हणाला. "गाडीचा काटा थापा मारतो, ही नाही. शून्यापासून शंभरावर जायला किती सेकंद लागले, ते दशांशात सांगते!" गाडी दहा वर्षांची होती. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर चार रविवार घाम गाळूनही ती सतरा पूर्णांक तीन सेकंदांच्या खाली यायला तयार नव्हती.

"आणि रोजचा सगळ्यात जास्त वेग?" पिल्लूच्या आईने सहज विचारलं.

"तोही सांगते की!"

तो बोलून गेला आणि अडकला. आठ महिन्यांचं पोर मागे बसलेलं असताना हा माणूस गाडी किती जोरात हाकतो, या काळजीने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्याच दिवशी फ्रिजवर कागद लागला: धावपट्टी सोडून रस्त्यावर जो कोणी साठच्या वर जाईल, त्याची चावी महिनाभर आईंकडे. आई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे चावी तिजोरीत ठेवल्यासारखीच. खाली दोघांच्या सह्या. 'जो कोणी' लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर अर्थातच एकच कोणी होता.

शनिवारी सकाळी तिने आठवड्याचे आकडे मोबाइलवर घेतले. सोमवार, बावन्न. मंगळवार...

"एकशे चौदा!"

पिल्लू दचकला. सासूबाईंच्या हातातली वाटी कलंडली. बाबा गालांवर दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आला.

"एकशे चौदा, आणि वर मला सांगतोस, मी गाईसारखा गरीब!"

"अगं, मंगळवारी मी ऑफिसच्या बसने गेलो होतो! गाडी घरी होती. संध्याकाळी ऑइल बदलायला मेकॅनिक घेऊन गेला, बास."

"मग तोच!" तिने मेकॅनिकला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"वहिनी, काय थट्टा करता? ती गाडी कड्यावरून ढकलली तरी नव्वदच्या वर जाणार नाही."

"का नाही जाणार?" बाबा एकदम उसळला.

"तू नक्की कुणाच्या बाजूने बोलतोयस?" तिने विचारलं.

एकशे चौदाची वेळ पाहिली तर सकाळी अकरा वीस. मेकॅनिककडे गाडी चार वाजता गेलेली. बाबा अकराला मीटिंगमध्ये, साक्षीला सात माणसं.

"मग काय गाडी आपली आपण पाय मोकळे करून आली?" सासूबाई म्हणाल्या.

"चोरी!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणीतरी नेऊन परत आणून ठेवली. थांबा, मी तेव्हा कुठे होते ते वहीत असेल. माझ्या वहीत सगळं असतं." तिने पान काढलं आणि पोलिसांना जबानी द्यावी तशा खणखणीत आवाजात वाचू लागली. "मंगळवार. अकरा दहा, पाळणाघरातून फोन. पिल्लूने तोंडात काहीतरी घातलंय, काढू देत नाही. अकरा सव्वीस, पोचले. लाळेऱ्याचं टोक..."

'होतं' हा शब्द कुणालाच ऐकू आला नाही.

"पाळणाघर बायपासच्या पलीकडे ना गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मी चाळीसने गेले होते," ती पुटपुटली. "फार तर पंचेचाळीस."

आता नवरा टोमणे मारणार म्हणून तिने मान खाली घातली. पण तो मोबाइलकडे बघत बसला होता. डोळ्यांत पाणी.

"बारा पूर्णांक एक," तो म्हणाला. "शून्य ते शंभर. आपल्या गाडीने!"

"अशक्य!" फोनमधून मेकॅनिक ओरडला. "वहिनी, क्लच कसा सोडलात?"

"मला काय ठाऊक! मी नुसतं 'थुंक रे राजा, थुंक' म्हणत होते."

चावी सासूबाईंच्या बटव्यात गेली. पण कागदावर 'धावपट्टी सोडून' असं तिच्याच अक्षरात होतं, त्यामुळे रविवारी चावी तासाभरासाठी सुटली. मेकॅनिक घड्याळ घेऊन हजर झाला. सासूबाई पिल्लूला घेऊन पलीकडच्या टोकाला, पट्टीपासून चांगल्या लांब, खुर्ची टाकून बसल्या. पिल्लूच्या आईने स्टिअरिंगमागे बसून पट्टा लावला, तिन्ही आरसे पुसले, चिटपाखरू नसलेल्या धावपट्टीवर इंडिकेटर दिला आणि निघाली. वेग अडतीस.

"वहिनी, मी चालत पुढे जाईन," मागच्या सीटवरून मेकॅनिक म्हणाला.

परत वळून दुसऱ्यांदा. एकेचाळीस. शेजारी बसलेल्या बाबाने कपाळाला हात लावला. गाडी तिसऱ्यांदा सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज गाडीभर घुमला. "अगं, ह्याच्या तोंडात काहीतरी पांढरं दिसतंय! निघतच नाहीये!"

पुढचं बाबाला नीटसं आठवत नाही. पाठ सीटमध्ये रुतली होती, आणि "हळू! अगं हळू! मला एक मुलगा आहे!" असं कुणीतरी ओरडत होतं. तो आवाज त्याचाच होता, असं मेकॅनिकने नंतर सांगितलं.

गाडी थांबायच्या आत दार उघडलं, ती धावली आणि तिने पिल्लूच्या तोंडात बोट घातलं. ते पांढरं काही निघेना. निघणार कसं? खालच्या हिरडीतून ते आत्ताच कुठे वर आलं होतं. वर त्याने तिचं बोट करकचून चावून दाखवलं. ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.

बाबा डबी घेऊन आला. "अकरा पूर्णांक चार." मेकॅनिकने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

सासूबाईंनी तोवर गाडीतून चावी काढून बटव्यात टाकली होती आणि वही उघडली होती. रविवारच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'पहिला दात'. मग सातव्या रकान्यावरचं 'बाबाचा' खोडून 'आईचा' केलं आणि खाली आकडा घालू लागल्या. एकशे एकोणीस. पण सुनेने रकाना बाबाच्या मापाने आखला होता. तीन आकडे काही केल्या त्यात मावेनात.