आईचा हात आणि मागचे ब्रेक

माझ्या हाताला गुण आहे. हे मीच सांगतो, कारण घरात दुसरं कुणी सांगत नाही. नळ, मिक्सर, दाराची कडी, सगळं मी घरीच दुरुस्त करतो. त्यामुळे गाडीचे मागचे ब्रेक किंचाळायला लागले तेव्हा मी गॅरेजचं नावसुद्धा काढलं नाही. शनिवार होता; दुपारी दोन तासांचं काम, असं जाहीर करून टाकलं.

"उद्या आईंना मावशींकडे न्यायचंय, लक्षात आहे ना?" बायकोने विचारलं. मी नुसता हसलो.

आता हे नेणं साधंसुधं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मावशी गाडी चालवत होती आणि आई शेजारी बसली होती. उतारावर गाडी फारच पळतेय असं आईला वाटलं आणि तिने सरळ हँडब्रेक ओढला. मावशी म्हणाली, "उतर." आई उतरली आणि घरापर्यंत चालत आली. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींचा अबोला. आता मावशीनेच "रविवारी ये" असा निरोप धाडला होता. आई चार दिवस पिशवी भरत होती, रिकामी करत होती, पुन्हा भरत होती. उद्या गेली नाही तर मावशी पुन्हा बोलावणार नाही, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आमच्या नव्या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही, बटण आहे. ते दाबलं की आतली मोटर मागच्या ब्रेकचा पिस्टन बाहेर ढकलते. म्हणून ब्रेक बदलण्याआधी गाडीच्या पडद्यावर जाऊन त्या मोटरला रजा द्यायची असते. मी दिली. जॅक लावला, चाक काढलं, ब्रेक उघडला, पिस्टन दाबून आत बसवला. चहा मागवावा इतकं छान चाललं होतं.

तेवढ्यात आई पिशवी पुढच्या सीटवर ठेवायला आली. ठेवली, आणि सवयीने बटण दाबून गेली. घुर्र! बटण दाबताच मोटरची रजा रद्द झाली आणि पिस्टन माझ्याकडे सरकत आला. मी आईला समजावलं, की काही झालं तरी त्या बटणाला हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. मी मोटरला पुन्हा रजा दिली आणि पिस्टन पुन्हा आत बसवला.

दहा मिनिटांनी पुन्हा घुर्र. या वेळी पिस्टन पूर्णच बाहेर आला, टपकन खाली पडला आणि घरंगळत गटाराच्या जाळीतून आत गेला. मागोमाग ब्रेकचं सगळं तेल माझ्या मांडीवर.

"आई, तुला सांगितलं होतं ना!"

"अरे, तू चाकापाशी बसलेला, गाडी हवेत, आणि बटणावरचा ब्रेकचा दिवा बंद. माझा जीव राहीना," आई म्हणाली.

मी मांडी पुसली. ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी दुकान उघडलं की बघू, तोवर कशालाही हात लावू नका. आई पिशवी घेऊन आत गेली. टॅक्सी करू म्हटलं तर म्हणाली, राहू दे, तिच्या-माझ्या नशिबातच नाही. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी दारात ब्रेक किंचाळले. आमची गाडी तर तीन चाकांवर उभी होती. बघतो तर मावशी, स्वतःच्या जुन्या गाडीत. बायकोने रात्रीच तिला फोन करून सगळं सांगितलं होतं.

मावशीने पुढचं दार उघडलं. "बस, ताई. पण दोन्ही हात पिशवीवर."

आई बसली. दोन्ही हात पिशवीवर. मग दोघी एकदम हसायला लागल्या, आणि आईने पदराने डोळे पुसले. पुसून झाल्यावर हात पुन्हा पिशवीवर ठेवले.

"काय रे," मावशी खिडकीतून मला म्हणाली, "माझेही मागचे ब्रेक वाजतात. येता येता तुला दाखवू का?"

मी तोंड उघडायच्या आत गाडीतून आई आणि दारातून बायको एका सुरात म्हणाल्या, "नको!"

हाताला गुण आहे हो माझ्या. पण सांगणार कुणाला?