अलसूरच्या तळ्यात मोंबासा

"मला सर्दी झालीय," अप्पासाहेबांनी सांगून पाहिलं.

"तळ्यावरच्या मोकळ्या हवेत पळून जाईल!" उल्हास म्हणाला.

"गुडघेही धरलेत."

"होडीत नुसतं बसायचंच तर आहे, अप्पासाहेब!"

उल्हासपुढे कुणाची मात्रा चालत नसे. नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, पण तेवढ्यात गडी मराठी मंडळाचा सेक्रेटरी होऊन बसला होता. यंदा, शहाण्णव साली, अप्पासाहेबांच्या 'उधाणवाट' या कादंबरीला तीस वर्षं पुरी होत होती. सागरी कादंबरी म्हटली की आधी तिचंच नाव निघे, आणि तिचा लेखक चक्क आपल्या मंडळात! मग सत्कार काय हॉलमध्ये खुर्च्या मांडून करायचा? छे! अलसूरच्या तळ्यात, होडीत! अप्पासाहेब गळ्यात वायरलेस माइक अडकवून होडीतून बोलतील आणि काठावरची मंडळी कर्ण्यावर ऐकतील.

उल्हास गेला आणि अप्पासाहेबांनी डोकं धरलं. "राजलक्ष्मी, माझी अब्रू जाणार!"

"ती तुम्ही प्रस्तावनेतच गहाण टाकलीत," राजलक्ष्मीबाई शेंगा सोलत म्हणाल्या.

भानगड अशी होती. 'यातली प्रत्येक लाट मी स्वतः पाहिली आहे,' असं अप्पासाहेबांनी प्रस्तावनेत ठोकून दिलं होतं. मुंबईहून मोंबासाला जाणाऱ्या बोटीत ते होते, हे खरं. पण नांगर उचलल्यापासून टाकेपर्यंत त्यांनी पाहिली ती फक्त एक बादली. डेकवर पदर खोचून उभ्या होत्या त्या राजलक्ष्मीबाई. वादळ, देवमासे, कप्तानाचं ओरडणं, सगळं त्या खाली येऊन सांगत आणि नवरा कण्हत कण्हत ऐकत असे. स्वतःच्या अनुभवातलं असं त्यांनी एकच पात्र घातलं होतं, बादलीला मिठी मारून बसणारा भित्रा कारकून विश्वेश्वर. नेमका तोच वाचकांचा सगळ्यात लाडका ठरला.

"होडी हलली की मला ओकारी येणार. अख्ख्या मंडळापुढे!"

"स्वल्प लिंबू चोखा. मी आहे ना बरोबर."

रविवारी सकाळी होडी निघाली. यल्लाप्पा नावाडी वल्हवत होता, उल्हास बोलत होता आणि अप्पासाहेब तोंडात लिंबू धरून डोळे मिटून बसले होते. लेखक चिंतनात बुडालाय, असं काठावरच्यांना वाटलं. तळ्याच्या मध्यावर पोचल्यावर मात्र उल्हासला राहवेना.

"दे रे इकडे ते वल्हं! सातव्या प्रकरणात कप्तान उभ्यानं वल्हवतो. मला तोंडपाठ आहे!"

त्यानं उभ्यानं एक हात मारला आणि वल्हं सुटून पाण्यात गेलं. ते धरायला तो वाकला, तशी होडी कलली.

"सार, सुम्ने कूत्कोळ्ळी!" यल्लाप्पा ओरडला.

"गप बैस म्हणतोय तो तुला," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"काळजी नको काकू! नववं प्रकरण! वल्हं गेलं की शीड!" उल्हासनं सत्काराची शाल दोन्ही हातांनी पसरली. तिचं टोक पाण्यात बुडालं आणि होडी डुगडुगायला लागली. "आता सगळे डाव्या अंगाला या! कप्तानानं असंच केलं आणि बोट वाचली!"

अप्पासाहेबांच्या तोंडातलं लिंबू बाहेर आलं आणि पाठोपाठ तीस वर्षं दाबलेलं सगळंच बाहेर आलं.

"बस खाली, गाढवा! ते डावं अंग मी घरी बसून रचलंय! मी कप्तान पाहिला नाही, समुद्र पाहिला नाही, मी खाली बादलीत तोंड घालून पडलो होतो! पाहिलं ते सगळं हिनं! अय्यो, बादली द्या रे कुणीतरी!"

माइक चालू होता. शब्द न् शब्द कर्ण्यावरून काठावर पोचला. संपलं सगळं, असं अप्पासाहेबांना वाटलं. पण गंमत म्हणजे त्यांना फार हलकं वाटत होतं.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! विश्वेश्वर! हुबेहूब विश्वेश्वर!"

यल्लाप्पानं उरलेल्या वल्ह्यावर होडी काठाला आणली. मंडळाच्या अध्यक्षा पद्मावतीबाई डोळे पुसत पुढे आल्या. "काय वठवलात हो कारकून! हसून हसून पुरेवाट झाली."

"अहो, ते नाटक नव्हतं. मी खरंच खाली पडून होतो!"

"आणि वर हा नम्रपणा!"

"राजलक्ष्मी, तू तरी सांग यांना!"

राजलक्ष्मीबाईंनी माइक हातात घेतला. "हे खरं बोलतायत. वादळ मी पाहिलं, देवमासे मी पाहिले."

"काकूपण काय मस्त काम करतात!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या आणखी वाढल्या.

निथळती शाल खांद्यावर टाकून उल्हासनं जाहीर केलं, "पुढच्या वर्षी मंगळूरहून खरी बोट! अप्पासाहेब, 'उधाणवाट'चा दुसरा भाग तिथेच लिहायचा!"

अप्पासाहेब मटकन खाली बसले.

"सरी, ठरलं तर," राजलक्ष्मीबाई माइकवर शांतपणे म्हणाल्या. "याही खेपेला डेकवर मीच उभी राहीन. पण पुस्तकही मीच लिहीन. यांनी बादली धरावी."

पुन्हा टाळ्या पडल्या. ही थट्टा नव्हे, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या अप्पासाहेबांना कळलं होतं.