परवाचा पाडाव, अर्थात बारकीसाहेबांच्या लसीची हकीकत

हकीकत ऐसी जे, चौकातील शिवणकामाचे दुकानाचे धनी, कातरबहाद्दर, मापपट्टीधारी, खासे मास्तर, यांची एकुलती कन्या बारकीसाहेब, उमर अडीच वर्षे, हिजला फ्लूची लस टोचावी की न टोचावी याविषयी घरात जो बखेडा माजला, तो कैसा माजला आणि कैसा मिटला, हे ज्याला जसे सुचेल तसा तो सांगतो. सबब घडले तितके येथे लिहिले असे. पदरचे मीठ चवीपुरते घातले असे, वाचणारांनी राग मानू नये.

मास्तर म्हणजे सुईचे बादशहा. तोंडात टाचण्या, कानावर खडू, पायाखाली शिलाई यंत्र, आणि जाड कापड शिविता सुई बोटात घुसली तरी हूं की चूं करणार नाहीत ऐसे कडवे. परंतु तीच सुई दवाखान्यात दिसली की खाशांचा चेहरा पांढराफटक पडे. दुसरा गुण त्यांचे ठायी ऐसा जे, गिऱ्हाईक दारात येऊन कपडे जाहले काय पुसता, मास्तर मान वर न करिता "परवा नक्की!" ऐसे फर्मान सोडीत. हा परवा कधी उगवत नसे. गिऱ्हाइके जुनी, तीही हे जाणून होती आणि तरी दर खेपेस मुकाट माघारी जात, कारण मास्तरांचे हातची शिलाई उसवत नसे.

आता मूळ प्रकरण. गेल्या थंडीत फ्लूने बारकीसाहेबांवर घाला घातिला. ताप चढला, छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, दूध पोटात ठरेना, आणि मग इस्पितळात दाखल करणे प्राप्त जाहले. तेथे सलाइनची सुई लाविते समयी पोरीचा हात धरण्याची कामगिरी मास्तरांवर आली. मास्तरांनी "काही नाही होणार हं, राणी" ऐसे वचन देऊन हात धरिला, आणि सुई लागली, आणि पोरीने किंकाळी फोडिली ती फोडिली, वर बापाकडे ऐसे पाहिले की मास्तर ते आजतागायत विसरले नाहीत. पोर बरी होऊन घरी आली. परंतु पुढे कैक दिवस बापाने हात पुढे करावा आणि तिने आईचे खांद्यात तोंड लपवावे, ऐसे चालले. हा घाव मास्तरांनी कोणास दाखविला नाही.

ऐसियास यंदा पुन्हा थंडी पडली. मास्तरांचे कुटुंब, शाळेची गाडी हाकणाऱ्या, गियरबहाद्दर बाईसाहेब, यांणी एके सायंकाळी चाव्या मेजावर आपटून खबर दिल्ही जे, गाडीतील बाके रिकामी पडू लागली, पोरे पटापट अंथरुणास खिळली, आणि आता ढिलाई करणे ठीक नव्हे.

"गेल्या वर्षीचं पुन्हा नको हो मला. लस देऊन टाकू."

"देऊ की," मास्तर काजे करीत बोलिले, "परवा नक्की."

बाईसाहेबांनी नवऱ्याकडे जी नजर टाकिली ती लिहिण्याजोगी नाही.

मग मास्तरांनी गुप्त मसलत करून आपली वडील बहीण, जिला सारे आत्याबाई म्हणतात, तिजकडून कुमक मागविली. आत्याबाई मोबाइल परजीत दाखल जाहल्या आणि सोफ्यावर ठाण मांडून त्यांणी एकामागून एक निरोप वाचून दाखविले जे, लसीनेच फ्लू होतो, अमक्याच्या भाचीच्या शेजारणीस जाहला, आणि एवढ्याशा दंडात एवढी मोठी सुई म्हणजे काय. मास्तर प्रत्येक निरोपास मान डोलवीत गेले. त्यांस वाटले, किल्ला आता आपलाच.

"वन्सं, तुम्ही मागच्या वर्षी घेतली होती ना हो लस?" बाईसाहेबांनी सहज पुसिले.

"अगं, माझं वय झालं. माझी गोष्ट वेगळी!"

"मग झाला तुम्हाला फ्लू?"

"छे गं, शिंकसुद्धा नाही आली," ऐसे आत्याबाई बोलून गेल्या आणि जीभ चाविली. कुमक जागीच फितूर जाहली. बाईसाहेबांनी जाहीर केले जे, ज्या काही शंका असतील त्या थेट डॉक्टरीणबाईंस पुसाव्या, फोनला पुसू नये. आत्याबाईंनी चहा घेतला आणि मोबाइल पर्शीत घालून कूच केले.

तदनंतर परवांचा सुकाळ जाहला. एके परवास पोरीचे नाक वाहत होते. एके परवास शाळेच्या गणवेशांची घाई निघाली. एके परवास मास्तरांची कंबर धरली. मग बाईसाहेबांनी ओळखिले की समोरून हल्ला चढविण्यात हशील नाही, आणि जो डाव मांडिला त्यास तोड नाही. भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइके दाटलेली असता, त्या बारकीस कडेवर घेऊन आल्या आणि गुमान रांगेत उभ्या राहिल्या.

"मास्तर, आमचं काम परवाचं होतं," त्या खणखणीत बोलिल्या. "कुठल्या परवाचं ते विचारू नका."

दुकानात खसखस पिकली. एक जुने गिऱ्हाईक, ज्यांची पँट बहुत काळ मास्तरांचे कैदेत होती, ते कळवळून बोलिले, "वहिनी, रांगेनं या! माझा परवा तुमच्या आधीचा आहे."

मास्तर चहूंकडून कोंडले. कातर खाली ठेविली, टाचण्या तोंडातून काढिल्या, आणि बाईसाहेबांस पडद्याआड, जेथे कपडे घालून पाहतात तेथे, नेले. तेथे आरशासमोर बाईसाहेबांचा आवाज उतरला.

"लस नको असेल तर नको म्हणा. पण भीती कशाची वाटते ते तरी खरं सांगा."

मास्तर मापपट्टी बोटास गुंडाळीत राहिले. मग बोलिले, "धरायला मलाच सांगतील. आणि ती पुन्हा माझ्याकडे यायची नाही."

 बाईसाहेबांनी मास्तरांचे खांद्यावरचा दोरा उचलिला.

"अहो, ती सुईवर नव्हती रुसली. तुम्ही म्हणालात काही नाही होणार, आणि झालं. त्यावर रुसली."

ऐकून मास्तर आरशात आपणांस पाहत राहिले. ज्या तोंडाने साऱ्या गावास परवा वाटिला, त्याच तोंडाने आपण पोरीसही फसविले, हे त्यांस उमगले आणि फार लागले. मग बाहेर येऊन त्यांणी दुकान बंद जाहल्याचे फर्मान काढिले. पँटवाले गिऱ्हाईक कपाळास हात लावून चालते जाहले.

दवाखान्याचा जिना चढता मास्तरांची गती मंदावली, परंतु बाईसाहेब पिछाडीस होत्या, माघारीची वाट बंद. डॉक्टरीणबाईंनी सारे प्रश्न ऐकून घेतले आणि सांगितले जे, या लसीने फ्लू होत नाही, दंड दुखेल, एखादे वेळी बारीक ताप येईल, आजार मुळीच होणार नाही ऐसा जामीन कोणी देत नाही, परंतु गेल्या साली जाहले तैसे हाल होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मास्तरांनी सुई किती नंबरची, हेही पुसून घेतले. मग बारकीस मांडीवर घेतले, तिजकडे नीट पाहिले, आणि जन्मात प्रथमच गिऱ्हाइकास खरे सांगितले.

"बारके, आता टोचणार आहेत. दुखेल. थोडंच, पण दुखेल. मी धरून ठेवणार आणि सोडणार नाही."

बारकीने विचार केला. "ललू?"

"रड की. मोठ्यानं रड."

सुई लागली. बारकीसाहेबांनी ऐसा टाहो फोडिला की बाहेरचे बाकावरील पोरे धास्तावून रडू लागली. बाईसाहेबांनी हात पुढे केले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, कारण आता पोर कोणीकडे वळते हे पाहण्याची छाती त्यांस होईना. आणि बारकी वळली ती बापाचे कॉलरीत तोंड खुपसून, दोन्ही मुठींत सदरा आवळून. सदरा नाकाडोळ्यांच्या पाण्याने भिजला. मास्तर हलले नाहीत.

येथे मोहीम संपावी, परंतु डॉक्टरीणबाईंनी सहज सुचविले जे, घरच्या मोठ्यांनीही घेतलेली बरी. बाईसाहेबांनी तात्काळ बाही सारून टोचून घेतले. मास्तर उठता उठता बोलिले, "माझं परवा नक्की."

तों खांद्यावरून, हुंदके अजून सरले नसता, हुकूम सुटला.

"पलवा नाही. आज."

मास्तर बसले. बारकीने त्यांचे बोट धरिले आणि बजाविले, "दुखेल. थोलंच. मी नाही सोलणाल."

सुई लागली. मास्तरांचे डोळ्यांतून पाणी आले, ते सुईमुळे ऐसे डॉक्टरीणबाई समजल्या, आणि बाईसाहेबांनी त्यांचा समज मोडिला नाही.

येणेप्रमाणे फ्लूचे लसीची मोहीम फत्ते जाहली. बारकीची ही पहिलीच खेप, सबब महिन्याने दुसरा डोस घेणे आहे, त्याची तारीख मास्तरांनी आपण होऊन पक्की करून घेतली. पँटवाल्यांस मात्र दुसरे दिवशी परवाच मिळाला. घरी येते समयी बाईसाहेबांनी दोन वेळा म्हटले, आणा तिला इकडे, तुमचाही हात दुखत असेल. मास्तर दुखत्या हाताने पोरीस तोलीत नाही म्हणाले, आणि बारकीसाहेबांनीही कॉलर सोडिली नाही.